“तुम्ही जा, मी घरी थांबतो”

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. धाकटी ८ वर्षांची. सासूबाई ७२ च्या, गुडघ्यांनी बेजार. तुम्ही पिंपरीत राहता आणि भाऊबीज झाल्यावर तीन दिवस मोकळे आहेत. मे महिन्यात महाबळेश्वरला गेलात तेव्हा मुलगा दोन दिवस हॉटेलच्या खोलीत मोबाइल घेऊन लोळत होता. यंदा विषय काढल्यावर “तुम्ही जा, मी घरी थांबतो” म्हणाला. यजमानांचं मत असं की मोबाइल घरी ठेवून निघायचं, मग येईल बरोबर ताळ्यावर. आणि तुम्ही विचारलंय, असं कुठलं ठिकाण आहे का, की जिथं त्याला मजा येईल?

ठिकाण सांगते. जुन्नरचा अख्खा बेत खाली लिहिलाय. पण नुसतं ठिकाण बदलून काम होईल असं मला वाटत नाही. तुम्हीच लिहिलेलं महाबळेश्वर परत वाचा. हॉटेल यजमानांनी ठरवलं. पॉइंट टॅक्सीवाल्यानं ठरवले. जेवण सासूबाईंच्या पथ्यानं आणि धाकटीच्या हट्टानं. उठायची वेळ तुमची. मुलाच्या वाट्याला काय आलं? गाडीत बसणं, गाडीतून उतरणं आणि फोटोत हसणं. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं, वर घोडा आणि मक्याचं कणीस मिळालं की स्वर्गच. चौदाव्या वर्षी मात्र बॅगेसारखं उचलून नेलेलं कुणालाच आवडत नाही. तो खोलीत पडून राहिला, कारण त्या दोन दिवसांत त्याच्या हातात असलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मोबाइल.

मी कुणी मानसशास्त्राची डॉक्टर नाही. २७ वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवला आणि त्यातली बहुतेक वर्षं सहलीचं काम माझ्या गळ्यात होतं. एसटी शाळेच्या सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते, तिच्या अर्जापासून ते परतीच्या वाटेवर उलटी झालेल्या पोराचा शर्ट धुण्यापर्यंत सगळं. आणि दर वर्षी एक गंमत बघितली. सहलीआधी पालक येऊन सांगायचे, “बाई, आमच्याबरोबर हा कुठं येतच नाही, आला तर तोंड फुगवून बसतो.” तोच मुलगा सहलीत पाण्याचा जार खांद्यावर मारून गड चढायचा. मित्र होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. सहलीत त्याला काम होतं.

नववीच्या एका मुलाची आठवण सांगते. खिशातून हात बाहेर काढायचा नाही असा नवस असल्यासारखा वावरायचा. मी त्याला बसमधली डोकी मोजायला सांगितलं. ४८ भरल्याशिवाय त्यानं ड्रायव्हरकाकांना ‘चला’ म्हणायचं नाही आणि त्यानं म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. दुसऱ्या दिवशी एका ढाब्यावर त्यानं गाडी दहा मिनिटं अडवून धरली. एक कमी भरत होता. पोरं ओरडत होती, ड्रायव्हर वैतागला होता, हा ढिम्म हलेना. तो कमी भरणारा एक म्हणजे मीच होते, टपरीवर दुसरा चहा घेत उभी. पुढचे दोन दिवस त्याची मान काय ताठ होती!

यात एक मेख आहे. काम खरं हवं. “तू आमचा टूर गाइड हं!” असं लाडीगोडीनं म्हणाल तर त्याला दोन सेकंदांत कळेल की ही धाकटीला खेळवायची युक्ती त्याच्यावर चालवताय. खरं काम ओळखायची माझी खूण अशी की ते चुकलं तर सगळ्यांना थोडं सोसावं लागतं. त्यानं खोली नीट विचारून घेतली नाही तर एक गादी कमी पडेल. जेवणाचे पैसे दुपारीच उडवले तर रात्री सगळे भेळेवर राहतील. ही जोखीम तुम्ही घेणार असाल तरच काम द्या. आणि चूक झाली की “बघ, म्हणून आम्ही सांगत होतो” हे वाक्य गिळा. ते गिळणं अवघड आहे, मला माहीत आहे. मी स्वतः किती तरी वेळा गिळलेलं नाही.

माझंच सांगते, म्हणजे मी शहाणी आहे असा तुमचा समज व्हायला नको. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना आम्ही दोन दिवसांत अष्टविनायक करायला निघालो. आठ गणपती, दोन दिवस, गाडीत सात माणसं. शेकडो मुलं सहलीला नेणारी मी, आणि स्वतःच्या मुलीला विचारायचं सुचलं नाही. लेण्याद्रीच्या पायथ्याशी तिनं गाडीतून उतरायला साफ नकार दिला. मी चिडले, चार लोकांत नको ते बोलले आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या रागारागानं चढले. वर जाऊन दर्शनात लक्ष लागेना. खाली आले तर ही रसवंतीच्या बाकावर दोन डोलीवाल्यांशी बोलत बसलेली. डोलीला चौघे कसे लागतात, खांदा कधी बदलायचा, उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास का होतो, वजनदार गिऱ्हाईक आलं की भाव कसा ठरतो, हे सगळं तिला माहीत झालं होतं. दिवसभरात पहिल्यांदा ती आपणहून बोलली ती त्याबद्दल. मी मात्र “दर्शन राहिलं ना तुझं” असं म्हणून तो विषय तिथंच मारून टाकला. तिला तीस मिनिटं एकटीला मिळाली आणि तेवढ्यात तिनं स्वतःचं काहीतरी शोधलं. हे मला कळायला पुढं दोन वर्षं लागली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : सहलीचा एक खरा तुकडा त्याच्या ताब्यात द्या, आणि रोज थोडा वेळ त्याला कुणाच्याही देखरेखीशिवाय सोडा. बाकी सगळं याच्या मागून येतं, मोबाइलसुद्धा.

आता तुमच्या बाबतीत जुन्नर का? पहिलं म्हणजे अंतर. पिंपरीहून नाशिक रस्त्यानं चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव, ७० किलोमीटरच्या आसपास. जुन्नर तिथून पुढं थोडंसंच. सासूबाईंचे गुडघे दहा तास गाडीत अवघडणार नाहीत. दुसरं, तिघांच्या तीन तऱ्हा तिथं सांभाळल्या जातात. सासूबाईंना ओझरचा विघ्नहर सपाटीवर आहे, चढ नाही, शेजारी कुकडीचं पाणी. धाकटीला पायऱ्या, माकडं आणि उसाचा रस. आणि मुलाला जगात कुठंही सहज न दिसणारी एक गोष्ट आहे, खोडदची दुर्बीण.

खोडद नारायणगावपासून जवळच आहे. तिथं जीएमआरटी म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ३० अँटेना, प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. म्हणजे तुमच्या सोसायटीची इमारत बारा-चौदा मजल्यांची असेल तर साधारण तेवढी उंची आडवी करून वाटोळी केली असं समजा. यातल्या १४ अँटेना मधल्या भागात दाटीनं आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंतच्या पसाऱ्यात, ऊस आणि कांद्याच्या शेतांमध्ये उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं जाणवत नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो, त्यामुळं एवढा मोठा पसारा हलका राहतो, स्वस्तात होतो.

आणि आता तुमच्या यजमानांसाठी खास. त्या आवारात मोबाइल बंद ठेवावे लागतात. सगळ्यांचे, तुमचेही. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की शेजारचा चालू मोबाइल म्हणजे कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानाशी ढोल वाजवणं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘मोबाइल वाईट’ हे पटत नाही, पण ‘इथं मोबाइल चालू ठेवला तर मोजमाप बिघडतं’ हे लगेच पटतं, कारण त्यामागं कारण आहे आणि नियम बाबांनाही लागू आहे. आत जायला आधी परवानगी काढावी लागते आणि ठरलेल्या दिवशीच सोडतात. दिवाळीच्या आसपास सुट्ट्या असतात, त्यामुळं हे आधी विचारून घ्यायचं. हे विचारण्याचं काम कुणाचं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. परवानगी नाही मिळाली तरी फार बिघडत नाही. फाट्यांवरच्या तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात. त्याला नकाशा देऊन विचारा, एका दुपारी आपण किती शोधू शकू? गाडी कुठं वळवायची ते तो सांगेल. एखाद्या शेताच्या बांधावर रस्ता संपेल, संपू दे.

इथं स्वतःलाच एक सूचना, आणि तुम्हालाही. माहिती सांगायचा मोह आवरा. वरचा दुर्बिणीचा परिच्छेद मी तुमच्यासाठी लिहिलाय, त्याला वाचून दाखवण्यासाठी नाही. जुन्नर तालुक्यातच बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलेला आहे. भूगोलवाल्या माणसाचा जीव तिथं अडकतो. मी एकदा चाळीस मुलांना भर उन्हात त्या काठावर उभं करून तासभर बोलले. चाळिसातल्या एकालाही आज ती राख आठवत नसेल. ऊन आठवत असेल. तुमच्या मुलानं विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा. तासाभराच्या शांततेनंतर त्यानं विचारलेला एक प्रश्न तुमच्या दहा माहित्यांना भारी असतो.

शिवनेरीबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण तिथं घरोघरी एकच चूक होते. महाराजांचा जन्म इथला, १९ फेब्रुवारी १६३०, हे त्याला पहिलीपासून पाठ आहे. ते पुन्हा पायरीपायरीवर सांगितलं की गड शाळा होतो. त्यापेक्षा त्याला एक खरा प्रश्न द्या : ‘तू शत्रू आहेस, हा गड कुठून घेशील?’ सात दरवाजे एकामागून एक आहेत, वाट वळवून वळवून आणलेली आहे, का ते चालताना पायांनाच कळतं. मागच्या अंगानं साखळीची वाट आहे. त्या वाटेनं त्याला जाऊ देऊ नका, पण वरून कुठं उतरते ते शोधू द्या. पाण्याची टाकी किती आहेत, गंगा-जमुना टाक्यांचं पाणी आटत कसं नाही, अंबरखान्यात धान्य किती मावत असेल, असलं काही त्याचं त्यालाच सुचतं. कडेलोटाच्या टोकावर मात्र नजर ठेवा. तिथं आणि उद्या नाणेघाटात, मोबाइलचा खरा धोका फोटो काढताना मागं सरकण्यात आहे. हे त्याला एकदाच, सरळ, गाडीतच सांगा. दहादा सांगितलं की ऐकू येईनासं होतं.

सासूबाईंना शिवाई देवीच्या मंदिरापर्यंत जमलं तर न्या, ते वाटेतच आहे. नाही जमलं तर पायथ्याशी सावलीत तुमच्यापैकी एकजण थांबा. लेण्याद्रीला त्यांना जायचंच असेल तर डोली मिळते. शिवनेरीवर आग्या मोहोळाच्या माश्या उठल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. मुलं हल्ली सुगंधी फवारे अंगभर मारून निघतात. त्या दिवशी नको म्हणावं.

तिसऱ्या दिवशी नाणेघाट. जुन्नरपासून ३० ते ३५ किलोमीटर, गाडी पठारापर्यंत जाते. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा, दोन हजार वर्षांपूर्वी. तिथला मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. गुहेत सातवाहनांची राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, आता फक्त पाय आणि वर कोरलेली नावं उरलीत. लेखात यज्ञ आणि दानं मोजलेली आहेत, गाई किती दिल्या, नाणी किती दिली, आणि ते आकडे भारतातल्या सगळ्यांत जुन्या अंकखुणांपैकी आहेत. गणिताला वैतागलेला मुलगा असेल तर त्याला मोबाइलवर ब्राह्मी अंकांचं चित्र आधी उतरवून घ्यायला सांगा आणि भिंतीवर एक तरी आकडा सापडतो का बघ म्हणा. भिंतीला हात लावायचा नाही, खडूनं गिरवायचं नाही. इथं रेंजचा भरवसा धरू नका, चित्र आणि नकाशा दोन्ही उतरवलेले हवेत. पावसाळ्यात इथं उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. दिवाळीत तो नसतो, गर्दीही नसते, आणि तुमच्या कामासाठी तेच बरं. पठारावर चटई टाका. सासूबाई आणि धाकटी तिथं बसतील, समोर जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका दिसत राहील. मुलाला अर्धा तास सोडून द्या, कड्यापासून किती लांब राहायचं ते ठरवून.

दिवसाला एकच मोठी गोष्ट, एवढं मात्र माझ्याकडून नियमासारखं घ्या. पहिल्या दिवशी खोडद आणि संध्याकाळी ओझर. दुसऱ्या दिवशी शिवनेरी. तिसऱ्या दिवशी नाणेघाट करून घरी. लेण्याद्री दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, तेही ज्याला जायचंय त्यानंच. यातली कुठलीही एक गोष्ट रद्द करायचा अधिकार मुलाला द्या. कारण विचारायचं नाही. बहुतेक मुलं तो अधिकार वापरत नाहीत, पण खिशात आहे म्हणून निवांत असतात. माझ्या बघण्यात एकानं वापरला होता आणि नेमकं आजोबांच्या आवडीचं देऊळ उडवलं. आजोबा तासभर रुसले. मग दोघं मिळून पत्ते खेळत बसले, आणि परत आल्यावर आजोबा त्या पत्त्यांबद्दलच सांगत सुटले.

निघायची वेळ. मला माहीत आहे तुमच्या घरी काय ठरलं असेल : “पहाटे पाचला निघू, म्हणजे चाकणच्या आधी सुटू.” चाकणच्या कोंडीबद्दल यजमानांचं अगदी बरोबर आहे. पण या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळं अकराच्या आत बहुतेक मुलांना झोप येत नाही, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. पहाटे चारला उठवलेला मुलगा दिवसभर चिडका राहिला तर तो त्याचा स्वभाव म्हणू नका. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर पहाटे निघा, पण त्याला आंघोळ, चहा, आवर-आवर काही लावू नका. उशी-पांघरूण घेऊन आहे त्या कपड्यांत मागं झोपू दे. आणि कृपा करून “बघ, सूर्योदय बघ” म्हणून राजगुरुनगरला हलवू नका. नारायणगावात मिसळीच्या वासानं उठेल तो. दुसऱ्या दिवशी शिवनेरीला उन्हाच्या आत चढायचं म्हणून लवकर उठणं भागच आहे, म्हणून दुपारी दोन ते पाच पूर्ण मोकळी ठेवा. त्या वेळेत तो मोबाइल बघेल. बघू दे.

मोबाइलबद्दल यजमानांना माझा नम्र विरोध आहे. घरी ठेवून निघालात तर तीन दिवस सहलीचा विषय मोबाइल हाच राहील. आम्ही शाळेच्या सहलीत मोबाइल जमा करून घ्यायचो, पण तिथं पन्नास मुलांना एकच नियम होता, आणि तरी पोरांच्या बॅगेत दुसरा फोन सापडायचाच. घरात जमतो तो करार वेगळा. जेवताना आणि चालताना कुणाचाच मोबाइल बाहेर नाही. कुणाचाच म्हणजे बाबांचे ऑफिसचे फोन आणि तुमचे दिवाळीच्या शुभेच्छांचे फॉरवर्डसुद्धा. बाकी वेळ ज्याचा त्याचा. नकाशा, पैसे, फोटो यांसाठी त्याचाच मोबाइल वापरला गेला तर तो आपोआप कामाला लागतो. आणि त्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मामा, काका, आत्या “किती वाळलास”, “मिशी फुटली की रे” लिहितात, तुम्हाला ते प्रेम वाटतं, त्याला पुढचे दोन दिवस कॅमेरा दिसला की तोंड फिरवावंसं वाटतं.

पैशाचं असं करा. एका दिवसाचं खाणं-पिणं त्याच्याकडे. पाच माणसांच्या दोन जेवणांना आणि चहा-नाश्त्याला लागतील तेवढे रोख पैसे सकाळी त्याच्या हातात ठेवा, उरतील ते त्याचे. बघा कसा घासाघीस करतो! आळेफाटा, बेल्हे भागात मासवडी चांगली मिळते, नाव मासवडी असलं तरी पूर्ण शाकाहारी, वर झणझणीत रस्सा. तो मासवडीऐवजी नूडल्स मागवेल अशी तयारी ठेवा. सासूबाईंचं पथ्य त्याला आधी एकदा सांगून ठेवा, आणि मग आजीच्या ताटात काय येतं ते त्यालाच बघू दे. आजी-नातवाचं सूत यातून जेवढं जुळतं तेवढं तुम्ही मध्ये असताना जुळत नाही.

जुन्नरची एक सूचना जिवाची आहे. हा बिबट्यांचा मुलूख आहे, बिबटे उसात राहतात, आणि दिवाळीच्या सुमाराला तोड सुरू झाली की ते हलतात. अंधार पडल्यावर शेताकडेच्या मुक्कामी मुलांनी एकट्यानं बाहेर फिरायचं नाही, शौचाला किंवा गाडीतली बॅग आणायला जायचं तर दोघांनी, हातात बॅटरी, बोलत बोलत. धाकटीला अंधारात क्षणभरही एकटी सोडू नका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नाही, तिथं बिबट्या बघायला मिळेल असं मुलांना कबूल करू नका. एकांत द्या असं मी वर म्हणतेय तो दिवसाउजेडी, हे वेगळं सांगायला नको.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. मित्राला बरोबर न्यावं का? मित्राच्या घरच्यांशी तुमचं नीट बोलणं असेल आणि गाडीत जागा असेल तर न्या, वातावरण एकदम सैल होतं. पण मग तुमच्याशी गप्पा होतील ही अपेक्षा सोडा. घरी थांबू द्यावं का? तीन दिवस एकटा, चौदाव्या वर्षी, नाही. आत्याकडे किंवा मावशीकडे राहायला तयार असेल आणि तुम्ही सगळं करूनही तो नाहीच म्हणाला, तर राहू दे आणि तुम्ही जा. ओढून नेलेली सहल त्याच्या लक्षात राहते, आणि दहावीनंतर मुलं अशा आठवणी काढतात. खोलीचं म्हणाल तर परवडत असेल तर दोन घ्या, आणि तो कुणाबरोबर झोपणार ते त्याला ठरवू द्या. पाचजण एका खोलीत, दिवे नवाला बंद, हे त्याला शिक्षेसारखं वाटतं. ओझरला देवस्थानाचं भक्तनिवास आहे, सासूबाईंना ते सोयीचं पडेल, सकाळी उठून दर्शनाला चालत जाता येतं.

आणि एक गोष्ट विचारते, रागावू नका. तो फक्त तुमच्याबरोबर यायला नाही म्हणतो, की मित्रांबरोबरही जायचं थांबलाय? खेळायला खाली उतरतो का? झोप, जेवण, अंघोळ पूर्वीसारखी आहे का? मित्रांत हसतो-खिदळतो आणि तुमच्यापुढं तोंड फुगवतो, तर तो अगदी ठणठणीत आहे. पण सगळ्यांपासूनच तुटत चालला असेल, आणि ते काही आठवडे चाललं असेल, तर जुन्नर, महाबळेश्वर कशानंही ते सुटणार नाही. डॉक्टरांशी किंवा शाळेच्या समुपदेशकांशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, तिथं पालकांनीही फोन केलेला चालतो. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, तरी विचारलेलं बरं.

गाडीत बोलायचे विषयही ठरवून घ्या. दहावी, क्लास, टक्के, शेजारच्यांचा मुलगा हे चार विषय तीन दिवस बंद. मी स्वतः हा नियम मोडलेला आहे, नाणेघाटच्या गुहेतच. लेकीला म्हणाले, “बघ, तेव्हाच्या राण्या लेख कोरून घ्यायच्या आणि तुला निबंध लिहायचा कंटाळा.” त्यानंतर घर येईपर्यंत तिनं कानातून हेडफोन काढला नाही. नागनिकेचा काय दोष त्यात!

तेव्हा एवढं करा. आज त्याला तीन ठिकाणं लिहून द्या, जुन्नर त्यातलं एक. ‘जायचं का’ हे विचारू नका, ‘यातलं कुठलं’ विचारा. जुन्नर निवडलं तर ठीक, दुसरं निवडलं तर वरची ठिकाणं विसरा, बाकी सगळं तिथंही लागू आहे. निवडल्यावर मुक्कामाच्या दोन-तीन जागा त्यालाच शोधायला सांगा आणि फोनही त्यालाच करू द्या. या पिढीला टाइप करायला आवडतं, बोलायला घाम फुटतो, त्यामुळं तो फोन तुमच्याकडे सरकवून “आई, तूच विचार ना” म्हणेल. घेऊ नका. गाद्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आजीला पायऱ्या चढाव्या लागतील का, हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्याच्यापुढं ठेवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.